सात फुटांची संमती

माझ्याकडे वह्या आहेत. लांबट, रेघांच्या, पुठ्ठा घातलेल्या. कॉलेजच्या ऑफिसात लागल्यापासून दर वर्षी एक. डाव्या पानावर करायची कामं, उजव्या पानावर झाल्याची तारीख. झालेलं काम मी खोडत नाही, कारण खोडलेलं पुन्हा वाचता येत नाही. राहिलेलं काम पुढच्या महिन्याच्या पानावर उतरवून घ्यायचं. यातली एक ओळ मी दीड वर्षाहून जास्त उतरवत राहिले. ‘काकूंना उंचीचं सांगणे.’ ऑफिसात माझ्या टेबलावर काही तुंबत नाही असा लौकिक आहे. ही ओळ तुंबली.

काकू म्हणजे आमच्या शेजारीण. संगमनेरात, हायवेपासून आतल्या बाजूला आमची कॉलनी आहे. दोन्ही घरं एकाच वर्षी बांधली. तेव्हा काका होते, पाटबंधारे खात्यात. मधली भिंत सामाईक घालायचं त्यांनीच सुचवलं, खर्च निम्मा निम्मा आणि उंची साडेतीन फूट. काका गेल्यावर काकू एकट्या राहिल्या. माहेर तिसगावचं, बोलणं अजून तिकडचंच. मुलगा चिंचवडला. तो दर वर्षी अक्षय्य तृतीयेला गाडी घेऊन यायचा आणि विचारायचा, “आई, आता येतीस का?” काकू त्याला आत नेऊन डबे उघडून दाखवायच्या. कुरडया, पापड, सांडगे. मायलेकांचा करारच होता तो. उन्हाळकाम आईच्या हातानं होतंय तोवर आईनं स्वतःच्या घरात राहायचं, ज्या वर्षी डबे रिकामे दिसतील त्या वर्षी चिंचवडला जायचं. काकू हे हसत सांगायच्या, पण त्यात गंमत नव्हती. फाल्गुन लागला की त्या गहू निवडायला बसायच्या ते परीक्षेला बसल्यासारख्या.

कुरडई करणाऱ्याला माहीत असतं, पण न करणाऱ्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा. चौथ्या दिवशी पहाटे तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. गार झाला की कुरडई तुटते. त्यामुळे चूल आणि वाळवणाची जागा यांत अंतर चालत नाही. आणि पहिल्या दिवसाचं ऊन अख्खं मिळायला हवं, नाहीतर आंबूस वास धरतो. काकूंच्या स्वयंपाकघराचं दार भिंतीच्या बाजूच्या बोळात उघडायचं. तो बोळ आठ फुटांचा, कडप्पा घातलेला. पूर्वेला आमची सामाईक भिंत, पश्चिमेला त्यांचं स्वतःचं घर. दुपारी एकनंतर त्यांच्याच घराची सावली बोळात यायची. म्हणजे ऊन ते सकाळचंच, आमच्या भिंतीवरून येणारं. वर स्लॅब होता, पण जिना नव्हता. वरचा मजला बांधू तेव्हा जिना करू, असं काका म्हणायचे.

हे सगळं मला माहीत होतं. कितीतरी वर्षं मी भिंतीच्या अलीकडून त्यांच्या कुरडया मोजून दिल्या होत्या. म्हणून मला कल्पना नव्हती असं मी म्हणू शकत नाही.

माझी सकाळ घड्याळावर चालते. साडेपाचला उठणं, सव्वासहाला पाणी भरणं, सातला डबे, आठ वीसला गाडी बाहेर. काकूंची सकाळ भिंतीवर चालायची. भिंतीच्या माथ्यावर हात टेकून त्या उभ्या राहायच्या आणि आमच्या घरातलं जे दिसेल त्यावर बोलायच्या. “आज भाजी जळाली गं तुझी.” “ही साडी नेसू नकोस, वय दिसतं.” “नवरा कुटं गेला? अंगुळीला? इतका येळ?” वाट्यांची ये-जा चालायचीच. माझी वाटी गेली की दोन दिवसांनी काहीतरी भरून परत. वाईट काही नव्हतं. पण मी भांडी घासताना, दात घासताना, नवऱ्याला ओरडताना कुणीतरी तिथं आहेच, याचा मला हळूहळू त्रास व्हायला लागला.

मग तुळशीच्या लग्नानंतर मुलीला बघायला पाहुणे आले. मुलाकडचे पाच जण. आत जागा कमी म्हणून बाजूच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. पोहे झाले, चहा आला. मुलाच्या आईनं विचारलं, “सकाळी किती वाजता उठते?”

मी म्हणाले, “पाचला. सवयच आहे तिला. उठून व्यायाम, मग मला मदत.”

भिंतीवरून आवाज आला, “कोन, ही?”

सगळ्यांनी माना वळवल्या. काकू हातावर हनुवटी ठेवून उभ्या.

“आवो पाव्हनं, सूर्य डोक्यावर आल्याबिगर ही उठत न्हाई! आई हाका मारून मारून कालिजात जाती, तरी ही पांघरुनात. पर सोभावानं लई गोड हाय, तेवढं लिहून घ्या.”

पाहुणे हसले. मुलगाही हसला. मुलाच्या आईनं मात्र कप खाली ठेवला. निदान मला तसं दिसलं. चार दिवसांनी निरोप आला की योग नाही.

मी वहीत लिहिलं, ‘भिंत वाढवणे.’

मी कामाला लागले की नीट लागते. दुसऱ्याच दिवशी कॉलनीतली बहुतेकांची कामं करणाऱ्या इंजिनिअरकडे गेले. तो म्हणाला, वाढीव उंचीला नगरपालिकेची परवानगी घ्या, आणि भिंत सामाईक आहे म्हणजे शेजाऱ्यांचं संमतीपत्र जोडा. अर्ज, नकाशा, सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक, घरपट्टीची पावती, संमतीपत्र. मी ‘भिंत’ असं लिहून वेगळी फाईल केली. अर्जावर जिल्हा लिहिताना सवयीनं अहमदनगर लिहिलं, मग अहिल्यानगर करायचं म्हणून पान फाडून नवं घेतलं. माझ्या अर्जावर खाडाखोड नसते.

इंजिनिअरनं विचारलं, “उंची किती धरू? पाच पुरे होईल.”

“ते नंतर सांगते,” मी म्हणाले. म्हणून त्यानं संमतीपत्रावर मजकूर टाईप करून दिला आणि उंचीची जागा कोरी ठेवली.

आता यातला माझ्या मते सर्वांत वाईट भाग.

काकूंना फॅमिली पेन्शन होती. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. काका गेल्यापासून तो फॉर्म मी भरायची, दहा वर्षं. मी भरायचा, फुल्या मारून द्यायच्या, काकूंनी फुलीपाशी सही करायची. काकांनी शिकवलेली सही, एकेक अक्षर सुटं, जीभ बाहेर काढून. त्या वाचत नसत असं नाही, हळू वाचायच्या. पण मी दिलेला कागद त्यांनी कधी वाचला नाही. “तू बघितलंस ना, मग झालं.”

त्या वर्षीही बँकेत बाकड्यावर बसलो. मी पेन दिलं. पहिली सही फॉर्मवर, दुसरी आधारच्या झेरॉक्सवर, तिसरा कागद संमतीपत्राचा. तिन्हींवर फुल्या मीच घातल्या होत्या.

“ही कशाची?”

“भिंतीची. थोडी वर घेतोय. दोघींची आहे ना, म्हणून तुमची सही लागते.”

“किती वर?”

“थोडी. इंजिनिअर ठरवेल.”

“घी बाई. तिकून मांजरं लई येत्यात.” आणि त्यांनी जीभ बाहेर काढून सही केली. मग पिशवीतून दोन चिक्क्या काढल्या, एक मला दिली. दर वर्षी बँकेतलं काम झालं की त्या चिक्की द्यायच्या.

ती मी खाल्ली. घरी आले, जेवणाच्या टेबलावर फाईल उघडली आणि कोऱ्या जागेत लिहिलं, 7. पाच का नाही? पाचावरून काकूंचे डोळे दिसले असते. साडेपाचावरून हात आला असता. सातावरून काही येणार नव्हतं. मी अंदाज करून, विचार करून तो आकडा घातला. नवरा समोर पेपर वाचत होता. त्यानं मान वर करून विचारलं, “काकूंना सांगितलंस?” मी म्हणाले, “सही आहे त्यांची.” त्यानं पुन्हा पेपर वर केला. पेपर वर करणं हेच त्याचं उत्तर, आणि ते मला पुरायचं.

परवानगी आली. जानेवारीत गवंडी आला. पहिल्या दिवशी काकूंनी त्याला चहा दिला. दुसऱ्या दिवशी विटांचे थर छातीच्या वर गेले. तिसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत असताना पलीकडून आवाज आला. माणूस दिसत नव्हतं, आवाजच.

“अगं, हायस का तिकडं?”

“आहे.”

“ही कुटंवर नेतीस? थोडी म्हनली हुतीस ना? ही तर जेलाची भित झाली! माझं ऊन मारलंस की तू!”

“काकू, दुपारी येतं की ऊन.”

“दुपारी माझंच घर आडवं येतं, तुला म्हाइत न्हाई व्हय? तीस वर्सं काय डोळं झाकून ऱ्हात हुतीस?”

गवंडी थापी हातात धरून थांबला होता. मी आत गेले, फाईल आणली, त्यांच्या फाटकातून बोळात गेले आणि संमतीपत्र त्यांच्यापुढे धरलं. “हे बघा. सात फूट लिहिलंय. खाली सही तुमची आहे.”

काकूंनी पदरानं हात पुसून कागद घेतला. बराच वेळ बघितला. मला वाटलं, वाचतायत. मग माझ्याकडे एकदा पाहिलं, कागद परत दिला आणि म्हणाल्या, “बरं.” एवढंच. मला भांडण होईल असं वाटलं होतं, मी तयारी करून गेले होते. पत्र्याचं शेड टाकणाऱ्या कोपऱ्यावरच्या घराचं उदाहरणही काढून ठेवलं होतं. ते वापरावं लागलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं.

मुलानं चिंचवडहून तक्रार केली. परवानगीपेक्षा जास्त बांधकाम, वृद्ध महिलेला त्रास, असं काहीतरी. फेब्रुवारीत नगरपालिकेच्या बांधकाम विभागातून एक माणूस टेप घेऊन आला. त्यानं तीन ठिकाणी मोजलं. बरोबर सात. मी फाईल दिली. त्यानं पानं उलटली आणि म्हणाला, “मॅडम, अशी फाईल कुणी ठेवत नाही. कागद मागितले की लोक आमच्यावरच चिडतात.” मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला.

मग तो काकूंकडे वळला. त्या फाटकात उभ्या होत्या.

“आजी, ही सही तुमची?”

“माझीच हाय.”

“उंची वाचून केली होती?”

मी फरशीकडे बघत होते. कॉलनीतले दोघे-तिघे आपापल्या फाटकात आले होते. काकूंनी एकच वाक्य बोलायचं बाकी होतं, ‘कागद कोरा होता.’ तेवढं बोलल्या असत्या तर माझी फाईल, माझी नोकरी, कॉलनीतलं माझं नाव, सगळ्याचं काय झालं असतं ते मला त्या दोन-तीन क्षणांत स्पष्ट दिसलं.

“सही केली म्हंजी केली,” काकू म्हणाल्या. “पोराला काय कळतंय? लांब ऱ्हातोय. तुमी च्या घ्या.”

त्यानं चहा घेतला आणि तक्रार निकाली काढली. त्या संध्याकाळी मी वहीत पहिल्यांदा ‘काकूंना उंचीचं सांगणे’ ही ओळ लिहिली. सांगायचं एवढंच होतं, की कागद कोरा होता, आकडा मी घातला, आणि मला उन्हाचं माहीत होतं. बारा पावलांचं अंतर. मी रोज कॉलेजला चार किलोमीटर जाते.

होळी झाली. भिंतीपलीकडून पाटा-वरवंट्याचा आवाज यायला लागला, मग एका पहाटे चिकाचा वास. लागून दोन सुट्ट्या होत्या, मी गच्चीवर जाऊन पाहिलं. काकूंनी जुनं लुगडं अंथरून कुरडया पाडल्या होत्या, ओळीनं, नेहमीसारख्या. आठ वाजता लुगडं सगळं सावलीत होतं. नऊला पलीकडची कड उजळली. काकू वाकून ओल्या कुरडयांचं लुगडं त्या कडेला ओढत होत्या. ओल्या कुरडया ओढल्या की एकमेकींना चिकटतात. साडेनऊ-दहाला ऊन पुरतं आलं आणि एकला गेलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघताना त्यांच्या फाटकाबाहेर कचऱ्याची बादली दिसली, वर वर्तमानपत्र टाकलेलं. आंबूस वास झाकला जात नाही.

त्यांनी आणखी दोनदा केल्या. दुसऱ्या वेळी समोरच्या रस्त्यालगतच्या ओट्यावर घातल्या. तिथपर्यंत पातेलं नेईस्तोवर चीक गार झाला. पाडताना सोऱ्या दाबता दाबता त्या स्वतःशीच बोलत होत्या ते मला खिडकीतून ऐकू येत होतं. “तुटतीस का? तुट. तुट मेले.” तिसऱ्या वेळच्या थोड्या चांगल्या निघाल्या असाव्यात, पण डबा भरेल एवढ्या नाहीत.

आमच्या गच्चीवर सकाळी सात ते संध्याकाळी सहा ऊन असतं. जिना बाहेरून आहे. गच्चीतच एक जुनी गॅसची शेगडी पडून होती, पाच मिनिटांत जोडता आली असती. मी वहीत लिहिलं, ‘काकूंना गच्ची देणे.’ नवरा म्हणाला, “लिहितेस काय? हाक मार ना.” मी म्हणाले, रविवारी निवांत बोलते. हाक मारायची तर आता फाटकातून बाहेर पडून, वळसा घालून, त्यांच्या दारात उभं राहावं लागत होतं, आणि दारात उभं राहिल्यावर गच्चीच्या आधी दुसरी गोष्ट बोलावी लागली असती. त्या रविवारी कॉलेजात कसलंसं शिबिर निघालं. पुढच्या रविवारी ऊन असूनही काकूंच्या बोळात काही नव्हतं.

त्याच सुमारास नोकरीला बाहेरगावी गेलेल्या मुलीशी फोनवर बोलताना मी भिंतीचा विषय काढला. माझी बाजू मांडत होते. म्हणाले, काकूंनी त्या दिवशी तोंड घातलं नसतं तर तुझं एव्हाना ठरलं असतं.

ती म्हणाली, “आई, ‘नाही’ मीच म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला मेसेज केला. तो चांगला होता, पण मला नव्हतं करायचं. तू चिडशील म्हणून त्याला म्हटलं, तुमच्याकडूनच कळव.”

“आणि त्याची आई? कप ठेवला तिनं खाली.”

“संपला असेल चहा. पलीकडच्या आजींच्या बोलण्यावर तर सगळ्यांत जास्त तीच हसत होती. तू बघितलंस कुठं? तू भिंतीकडे बघत होतीस.”

अक्षय्य तृतीयेला मुलगा आला. भिंत उंच असली तरी आवाज येतो. डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज आले, एक, दोन, तीन. मग मुलगा हळू आवाजात काहीतरी म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही, तो वाईट मुलगा नाही. काकू म्हणाल्या, “व्हय. ठरल्यालं हाय, मी काय न्हाई म्हनते का?”

जायच्या दिवशी काकू आमच्या दारात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढच्या फाटकातून. हातात माझी स्टीलची वाटी, साखर भरलेली. “तुझी हुती. फिरवायची ऱ्हाऊनच गेली.” मी म्हणाले, “काकू, आत या ना.” त्या म्हणाल्या, “गाडी उबी हाय.” मी सांगायला तोंड उघडलं, आणि मागून मुलानं येऊन घराची किल्ली माझ्या हातात दिली. “तुमच्याकडे राहू दे. तुम्ही व्यवस्थित ठेवता सगळं.” मी किल्लीला चिठ्ठी लावली, नाव-तारीख घालून, आणि खुंटीवर अडकवली.

पुढच्या वर्षीचा उन्हाळा तसाच गेला. बोळातल्या कडप्प्यावर पाला साठला. मी महिन्यातून एकदा जाऊन झाडून यायची. झाडताना भिंतीकडे पाठ करून झाडायची. नोव्हेंबर आला, आणि हयातीच्या दाखल्याची ओळ सवयीनं माझ्या वहीत उतरली. त्याच्याच खाली उंचीची ती ओळ. दोन ओळी एकाखाली एक बघून मी रजेचा अर्ज भरला आणि चिंचवडची एसटी पकडली.

चौथ्या मजल्यावर फ्लॅट. सुनेनं चांगलं स्वागत केलं, चहा ठेवला. काकू गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. गॅलरीला वरपासून खालपर्यंत जाळी, वाळत घातलेले कपडे, कपड्यांच्या मधून एक पट्टा ऊन. त्या जरा वाळल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “ये. लई खराब झालीस. साडी बरी हाय पर.”

मी विचारलं, “दाखल्याचं झालं का या वर्षी?”

“झालं की. सून मोबाईलवर करती. डोळा दावायचा, दोन येळा मिचकावायचा. झाली म्हातारी जित्ती.” आणि हसल्या. “फारम न्हाई, सही न्हाई. चिक्की पन न्हाई.”

सून आत गेली. मी वाक्यं पाठ करून गेले होते, ती बोलले. कागद कोरा होता. आकडा मी नंतर घातला. इंजिनिअर पाच म्हणत होता. उन्हाचं मला माहीत होतं.

काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हाइत हाय.”

“काय माहीत आहे?”

“सात तुझ्या हातचा हुता. बाकी कागुद मशिनीचा. धा वर्सं माझं फारम कोन भरतं? तुझ्या साताच्या पोटात आडवी रेघ असती. खात्याच्या नंबरात दोनदा सात हाय माझ्या. मी वळखीत न्हाई व्हय?”

कॉलेजात प्रवेशाचे फॉर्म भरताना एक आणि सात यांत घोटाळा होऊ नये म्हणून मी ती रेघ द्यायला लागले होते. सगळ्या ऑफिसला मीच ती सवय लावली.

“म्हणजे भिंतीपाशी मी कागद दाखवला तेव्हाच?”

“तवाच.”

“मग त्या मापाच्या माणसाला का नाही सांगितलंत?”

“त्याला काय सांगू? हिनं फसवलं म्हनून? चार लोकं दारात. तू दुसऱ्या दिशी कालिजात कोंच्या तोंडानं गेली असतीस?” त्यांनी मांडीवरचा पदर नीट केला. “तुझा राग आला. लई आला. पर यकच इचारायचं हुतं. थोडी का म्हनलीस?”

मी मांडीवरची पर्स खाली ठेवली.

“सात म्हनायचं हुतंस. मी भांडले असते तुझ्याशी. चांगलं खनखनीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तू पन आयकली नसतीस. मग तुझा नवरा मधी पडला असता, अन् पाचावर मिटलं असतं. पाचात माझ्या कुरडया वाळल्या असत्या. तू मला भांडू सुदिक दिलं न्हाईस.”

चहा आला. आम्ही तो घेतला. मी म्हणाले, “भिंत उतरवते, काकू. पहिल्याएवढी. तुम्ही परत या, मी आहे, नवरा आहे, दळण-वाटण मी करून देईन.”

त्यांनी उजवा हात पुढे केला, मूठ वळायचा प्रयत्न करून दाखवला. बोटं निम्मी वळली. “दीड वरीस बसला हा. आता सोऱ्या दाबत न्हाई. गाडी आनंल पोरगा, पर करार मोडला की मोडला. मी त्याला सबुद दिल्याला हाय.” मग म्हणाल्या, “भाडेकरू बघतोय तो. तुझ्याकडंच किल्ली हाय न्हवं? चांगली मानसं बघ.”

मी परत आले आणि गवंडी बोलावला. तोच गवंडी. शिडी लावून वर चढला, छिन्नी लावली आणि थांबला. “बाई, हाईट किती ठेवू?”

मी काकूंना फोन लावला. मनात होतं की या वेळी आकडा त्यांनी सांगावा. घंटा वाजली, सुनेनं घेतला, त्यांना दिला. मी म्हणाले, “काकू, गवंडी उभा आहे. किती ठेवायला सांगू? तुम्ही सांगा.”

मागे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बारीक करायला सांगितला.

“आता मला कशाला इचारतीस गं?” काकू म्हणाल्या. रागानं नाही, खरंच विचारल्यासारख्या. “भित तुझ्या दारात हाय.” आणि फोन सुनेला दिला.

गवंडी माझ्याकडे बघत होता. भिंतीवर जुनं सिमेंट आणि नवं सिमेंट यांच्या मध्ये एक रेघ दिसत होती, गिलावा केला तरी फुटून आलेली. मी तिकडे बोट केलं. “तिथपर्यंत.”

दोन दिवस लागले. डबर टेम्पोनं गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली घेऊन गेले, बोळातली धूळ झाडली, कडप्पा धुतला. पावणेआठला ऊन भिंतीवरून आलं. साडेआठला अख्खी फरशी ओली चमकत होती. सवयीनं मी वहीत दोन्ही वेळा लिहिल्या.

मग मागचं पान काढलं. काकूंच्या ओळीसमोर चिंचवडला गेल्याची तारीख घातली. त्याच्याखाली ‘काकूंना गच्ची देणे’ ही ओळ होती. तिच्यासमोर काय घालायचं ते मला कळलं नाही. पुढच्या पानावर ती उतरवून घेण्यातही अर्थ नव्हता. ती तशीच आहे.